रेझ्युमेत सर्टिफिकेशन लिहिताना

हिंजवडी किंवा खराडीतल्या एखाद्या कंपनीत जागा निघाली की आलेल्या रेझ्युमेंमध्ये 'सर्टिफिकेशन्स' हे ठळक शीर्षक हमखास दिसतं. त्याखाली आठ-दहा ओळी. एकीत नुसतं 'एडब्ल्यूएस सर्टिफाइड', दुसरीत 'पायथन – उडेमी', तिसरीत कॉलेजातल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेचं सहभाग प्रमाणपत्र आणि चौथीत एमएस-सीआयटी. सहा महिने रात्री जागून दिलेली परीक्षा आणि शनिवारी लावलेली हजेरी एकाच रांगेत बसवली, तर वाचणारा दोन्हींना हजेरीचाच भाव देतो.

रेझ्युमेतला बराचसा मजकूर उमेदवाराच्या शब्दावर विश्वास ठेवून वाचावा लागतो. 'झटपट शिकण्याची वृत्ती' कोण कशी तपासणार? सर्टिफिकेशनचं तसं नाही. ते तिऱ्हाइताने परीक्षा घेऊन दिलेलं असतं आणि खरं की खोटं हे पाहता येतं. त्याची किंमत त्या तपासता येण्यातच आहे. म्हणून काय लिहावं, किती लिहावं, कुठे लिहावं या सगळ्या प्रश्नांना एकच कसोटी लावा: ही ओळ वाचणाऱ्याला मिनिटभरात पडताळता येईल का, आणि पडताळल्यावर ती टिकेल का?

आधी वर्गवारी करा

हाताशी असलेली सगळी प्रमाणपत्रं एका कागदावर उतरवा आणि त्यांचे गट पाडा.

पहिला गट खऱ्या अर्थाने सर्टिफिकेशनचा. ज्या कंपनीचं किंवा संस्थेचं ते तंत्रज्ञान आहे तिने, किंवा त्या क्षेत्रातल्या मान्य संस्थेने, ओळखपत्र तपासून आणि देखरेखीखाली परीक्षा घेऊन दिलेलं. ॲमेझॉनचं सोल्युशन्स आर्किटेक्ट, मायक्रोसॉफ्टचं अझ्युर ॲडमिनिस्ट्रेटर, सिस्कोचं सीसीएनए, रेड हॅटचं आरएचसीएसए, कॉम्पटियाचं सिक्युरिटी प्लस, टेस्टिंगमधलं आयएसटीक्यूबी फाउंडेशन ही यातली नेहमीची नावं. 'सर्टिफिकेशन्स' या शीर्षकाखाली फक्त हीच यावीत.

दुसरा गट अभ्यासक्रम पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रांचा. कोर्सेरा, उडेमी, इन्फोसिस स्प्रिंगबोर्ड अशा ठिकाणी शिकून मिळालेली. ती टाकाऊ नाहीत, पण त्यांची जागा 'अभ्यासक्रम' या वेगळ्या शीर्षकाखाली, दोन-तीन ओळींत. इथे एक गल्लत सर्रास होते. कोर्सेरावरचं 'गुगल आयटी सपोर्ट' किंवा 'गुगल डेटा ॲनालिटिक्स' हे अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र आहे. गुगल क्लाउडचं 'असोसिएट क्लाउड इंजिनिअर' ही स्वतंत्र परीक्षा आहे. पहिलं करून 'गुगल क्लाउड सर्टिफाइड' लिहिलं, तर पहिल्या फेरीतच उघडं पडतं.

एनपीटीईएल या दोन्हींच्या मधलं. त्यात आठवड्याच्या असाइनमेंटना २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. ७५ किंवा त्याहून जास्त गुण असतील तर 'एलिट + सिल्व्हर', ९० किंवा त्याहून जास्त असतील तर 'एलिट + गोल्ड' असा शेरा मिळतो. फ्रेशरने विषय, शिकवणारी आयआयटी, वर्ष आणि हा शेरा एका ओळीत जरूर लिहावा. नुसतं 'एनपीटीईएल सर्टिफाइड' लिहिण्यात मात्र काही हशील नाही, कारण त्यातून विषयच कळत नाही.

सी-डॅकचा पीजी-डॅक केलेली मुलं तो बरेचदा सर्टिफिकेशनच्या यादीत टाकतात आणि स्वतःचंच नुकसान करून घेतात. सी-कॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन पूर्णवेळ केलेला, सुमारे सहा महिन्यांचा तो पदव्युत्तर डिप्लोमा आहे. त्याची जागा 'शिक्षण' या भागात, बीईच्या वर.

राहिलं एमएस-सीआयटी. एमकेसीएलने २००१ मध्ये सुरू केलेला हा अभ्यासक्रम महाराष्ट्रात घरोघरी पोचला आणि राज्य सरकारच्या अनेक पदांच्या जाहिरातींत आजही त्याची अट दिसते. तिथे अर्ज करताना तो पाहिजेच. पण जावा डेव्हलपरच्या किंवा क्लाउड इंजिनिअरच्या रेझ्युमेत ती ओळ काढून टाका. तिथे संगणक येतो हे गृहीतच असतं.

वेबिनारची, हॅकेथॉनमधल्या नुसत्या सहभागाची आणि कॉलेजच्या कार्यशाळांची प्रमाणपत्रं फाइलमध्ये राहू द्या. हॅकेथॉन जिंकली असेल, तर ती 'पारितोषिकं' किंवा 'प्रकल्प' यांत लिहा.

एका ओळीत काय हवं

रेझ्युमे इंग्रजीत असला तरी ओळीचा सांगाडा इथे मराठीत देतो. पाच गोष्टी हव्यात: सर्टिफिकेशनचं अधिकृत पूर्ण नाव, परीक्षेचा सांकेतिक क्रमांक किंवा लघुरूप, देणारी संस्था, मिळाल्याचा महिना आणि वर्ष (मुदत असेल तर तीही), आणि पडताळणीची लिंक.

'एडब्ल्यूएस सर्टिफाइड' ही ओळ मग अशी होते:

एडब्ल्यूएस सर्टिफाइड सोल्युशन्स आर्किटेक्ट – असोसिएट, एसएए-सी०३ | ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस | मार्च २०२५ ते मार्च २०२८ | लिंक

नाव संस्थेच्या संकेतस्थळावर जसं आहे तसंच, अक्षरशः उतरवा. 'सोल्युशन्स'मधला शेवटचा 'स' गाळलेले रेझ्युमे रोज दिसतात. 'मायक्रोसॉफ्ट अझ्युर सर्टिफाइड' नावाचं तर काही अस्तित्वातच नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये परीक्षेचा क्रमांक वेगळा आणि सर्टिफिकेशनचं नाव वेगळं असतं: एझेड-१०४ ही परीक्षा, 'अझ्युर ॲडमिनिस्ट्रेटर असोसिएट' हे सर्टिफिकेशन. दोन्ही लिहा. कारण नोकरीच्या पोर्टलवर शोधताना एखादा रिक्रूटर क्रमांक टाकतो, तर दुसरा नाव.

लिंकबद्दल थोडं. ॲमेझॉन, सिस्को, कॉम्पटिया यांचे डिजिटल बॅज क्रेडली या सेवेवर मिळतात आणि बॅजचं सार्वजनिक पान उघडलं की नाव, तारीख आणि मुदत समोर येते. मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या मध्यापासून नवे बॅज क्रेडलीवर देणं थांबवलं. त्यांची लिंक आता मायक्रोसॉफ्ट लर्नच्या प्रोफाइलमधून घ्यावी लागते. लिंक टाकल्यावर ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता उघडून बघा. तुम्हाला दिसणारं पान इतरांना बंद असेल, तर लिंक असून नसल्यासारखीच. प्रमाणपत्राचे स्कॅन रेझ्युमेला चिकटवू नका. ते मागितल्यावर द्यायचे असतात.

तारीख आकड्यांत लिहू नका. ०३/०५/२०२५ ही आपल्याकडे तीन मे आणि अमेरिकेत पाच मार्च. परदेशातल्या क्लायंटकडे रेझ्युमे जाणार असेल तर महिन्याचं नाव अक्षरांतच हवं.

अर्धं अंतर कापलं असेल तर

काही सर्टिफिकेशन्स एका परीक्षेत मिळत नाहीत आणि घोटाळा इथेच होतो. सिस्कोच्या सीसीएनपी एंटरप्राइजसाठी एक मुख्य आणि एक विशेष अशा दोन परीक्षा लागतात. फक्त मुख्य पास झालेल्याला सिस्को 'स्पेशालिस्ट – एंटरप्राइज कोअर' असं नाव देतं. त्याने तेवढंच लिहायचं. 'अझ्युर सोल्युशन्स आर्किटेक्ट एक्स्पर्ट'साठी एझेड-३०५ पुरेशी नाही, ॲडमिनिस्ट्रेटर असोसिएटही हातात हवं.

सायबर सुरक्षेतल्या सीआयएसएसपीची अट आणखी कडक. परीक्षा पास झालात तरी आठपैकी किमान दोन विषयक्षेत्रांतला मिळून पाच वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. योग्य पदवी असेल तर एक वर्ष सूट मिळते. तोवर तुम्ही 'असोसिएट ऑफ आयएससी-२' असता आणि नावापुढे सीआयएसएसपी लावण्याची परवानगी नसते. प्रकल्प व्यवस्थापनातल्या पीएमपीचंही तसंच. त्या परीक्षेला बसण्यासाठी लागणारा ३५ तासांचा क्लास केला म्हणजे पीएमपी झालो असं नाही. 'पीएमपी ट्रेन्ड' असं लिहिण्यापेक्षा 'प्रकल्प व्यवस्थापनाचं ३५ तासांचं प्रशिक्षण' असं साधं लिहा.

परीक्षा अजून द्यायची असेल आणि तारीख ठरलेली असेल, तर 'परीक्षा: ऑगस्टमध्ये नियोजित' एवढं लिहिता येतं. तारीख घेतलेली नसेल तर ओळ नको. 'तयारी सुरू आहे' या वाक्याला मुलाखतीत पुढचा प्रश्न ठरलेला असतो: किती अध्याय झाले?

मुदत संपलेली आणि बंद झालेली

पदवी एकदा मिळाली की आयुष्यभराची. आयटीतली बरीच सर्टिफिकेशन्स मात्र मुदतीची असतात आणि प्रत्येकाची मुदत वेगळी.

- ॲमेझॉन, सिस्को सीसीएनए, रेड हॅट, कॉम्पटिया सिक्युरिटी प्लस, पीएमपी: तीन वर्षं. पीएमपीवाल्यांना त्या काळात ६० पीडीयू (व्यावसायिक विकासाची एककं) जमवावी लागतात.
- कुबरनेटीसचं सीकेए: १ एप्रिल २०२४ पासून मिळालेल्यांना दोन वर्षं, त्याआधी तीन होती.
- मायक्रोसॉफ्टची असोसिएट आणि एक्स्पर्ट पातळी: एक वर्ष. मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत ऑनलाइन, मोफत चाचणी देऊन नूतनीकरण होतं. मुदत चुकली की पुन्हा पूर्ण परीक्षा. एझेड-९०० सारख्या फंडामेंटल्सना मुदत नाही.
- स्क्रम अलायन्सचं सीएसएम: दोन वर्षं. स्क्रम डॉट ऑर्गचं पीएसएम: मुदत नाही.
- आयएसटीक्यूबी फाउंडेशन: मुदत नाही.

मुदत संपलेलं सर्टिफिकेशन चालू असल्यासारखं दाखवणं म्हणजे खोटंच. पण ते सरसकट पुसायचीही गरज नाही. ज्या कामासाठी अर्ज करताय त्याच्याशी संबंध असेल, तर '२०१९ ते २०२२' अशी वर्षं स्पष्ट लिहून ठेवा. संबंध नसेल तर काढा. विचारलंच, तर पुन्हा का केलं नाही याचं सरळ उत्तर तयार ठेवा. 'काम डेव्हऑप्सकडे वळलं, म्हणून नेटवर्किंगचं नूतनीकरण केलं नाही' या उत्तरात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

बंद झालेल्यांची गोष्ट जरा निराळी. मायक्रोसॉफ्टने एमसीएसए, एमसीएसई आणि एमसीएसडी ही तिन्ही ३१ जानेवारी २०२१ रोजी बंद केली. ॲमेझॉनने डेटाबेस आणि डेटा ॲनालिटिक्स या स्पेशालिटी परीक्षा २०२४ मध्ये थांबवल्या. सनच्या काळातलं एससीजेपी तर ओरॅकलने २०१० मध्ये सन विकत घेतल्यानंतर नव्या नावाने पुढे गेलं. पंधरा-वीस वर्षांच्या अनुभवी माणसाच्या रेझ्युमेत अशी एखादी ओळ शोभते, त्यातून मुरलेला हात दिसतो. पाच मात्र नकोत. आणि त्यांच्या वर आजच्या तंत्रज्ञानाचं निदान एक चालू सर्टिफिकेशन नसेल, तर वाचणारा समजतो की हा गडी तिथेच थांबलाय.

रेझ्युमेत जागा कुठली

फ्रेशरच्या रेझ्युमेत शिक्षण, कौशल्यं, प्रकल्प आणि त्यानंतर सर्टिफिकेशन्स असा क्रम बरा. प्रकल्पांच्या आधी सर्टिफिकेशन्स आली, की 'पाठ केलंय, केलं काहीच नाही' असा समज होतो. अनुभवी माणसाने कामाचा अनुभव संपल्यावर हा भाग द्यावा आणि त्यातलं सगळ्यात लागू पडणारं एक नाव सुरुवातीच्या सारांशातही घ्यावं: 'सहा वर्षांचा अनुभव, सीकेए, बँकिंग क्षेत्र' असं.

नावापुढे अक्षरं लावायची तर ती सीआयएसएसपी, पीएमपी, सीसीआयई अशा वजनदार सर्टिफिकेशन्सची. सीसीआयईला तर प्रत्येकाचा स्वतंत्र क्रमांक असतो आणि तो लिहायची पद्धतच आहे. नावापुढे एझेड-९०० लावलेला रेझ्युमे पॅनेलमध्ये हसण्यावारी जातो.

संख्या किती? एका नोकरीसाठी तीन ते पाच पुरे. एकाच शिडीच्या सगळ्या पायऱ्या मोजून दाखवू नका. सोल्युशन्स आर्किटेक्ट प्रोफेशनल असेल, तर क्लाउड प्रॅक्टिशनरची ओळ गाळा. आणि क्रम तारखेप्रमाणे लावण्यापेक्षा जाहिरातीप्रमाणे लावा. जाहिरातीत टेराफॉर्म आणि अझ्युर असेल, तर ॲमेझॉनची तीन सर्टिफिकेशन्स त्यांच्या खाली गेली पाहिजेत.

कामाच्या ओळीशी गाठ मारा

सर्टिफिकेशन मुलाखतीपर्यंत नेतं. पुढे कामच बोलतं. म्हणून यादीतल्या प्रत्येक सर्टिफिकेशनला रेझ्युमेत दुसरीकडे कुठेतरी साक्षीदार हवा. अनुभवाच्या भागात असं वाक्य असेल: 'बिलिंग ॲप्लिकेशन डेटा सेंटरमधून एडब्ल्यूएसवर हलवताना व्हीपीसी, सबनेट आणि राउट टेबलची रचना केली', तर खालची आर्किटेक्टची ओळ आपोआप भरीव होते. नोकरी नसेल तर स्वतःच्या खात्यात केलेला छोटा प्रकल्प गिटहबवर ठेवा आणि तिथे हे दाखवा.

मुलाखतीत काय होतं ते पाहा. समोरचा अभियंता सर्टिफिकेशनवर बोट ठेवतो आणि विचारतो: 'प्रायव्हेट सबनेटमधल्या सर्व्हरला इंटरनेटवरून अपडेट घ्यायचेत, पण बाहेरून कुणी त्याच्यापर्यंत पोचता कामा नये. काय कराल?' ज्याने हे हाताने केलंय तो सांगतो: 'पब्लिक सबनेटमध्ये नॅट गेटवे ठेवीन आणि प्रायव्हेटच्या राउट टेबलमध्ये बाहेरची वाट त्याच्याकडे वळवीन.' मग खर्चाचा मुद्दाही तोच काढतो. ज्याने फक्त प्रश्नसंच घोकलाय तो 'नॅट' म्हणतो आणि गेटवे कुठल्या सबनेटमध्ये, या पुढच्या प्रश्नाला अडखळतो. दोन प्रश्नांत निकाल लागतो. ज्या ओळीवर असे दोन प्रश्न झेपणार नाहीत, ती ओळ अभ्यास होईपर्यंत मागे ठेवा.

डंप, म्हणजे फुटलेले प्रश्नसंच, वापरून पास होण्याची आमिषं क्लासच्या जाहिरातींत उघडपणे दिसतात: 'शंभर टक्के पास'. परीक्षेला बसताना तुम्ही गोपनीयतेच्या कराराला संमती दिलेली असते. फुटलेले प्रश्न वापरल्याचं किंवा दुसऱ्याला बसवल्याचं आढळलं, तर संस्था सर्टिफिकेशन रद्द करू शकते आणि पुढच्या परीक्षांना बंदीही घालू शकते. मग रेझ्युमेतली लिंक उघडल्यावर पान रिकामं दिसतं, आणि तेही बहुधा ऑफर लेटर आल्यानंतरच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये.

सॉफ्टवेअरला वाचता आलं पाहिजे

माणसाच्या आधी रेझ्युमे बरेचदा सॉफ्टवेअर वाचतं. त्याला चित्रातली अक्षरं वाचता येतीलच असं नाही. त्यामुळे बॅजचे रंगीत लोगो ओळीने लावून नावं गाळली, तर शोधात तुमचा रेझ्युमे येणारच नाही. दोन रकान्यांचे आणि तक्त्यांचे सुबक टेम्प्लेट इथे दगा देतात. तपासायची सोपी युक्ती अशी: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. सर्टिफिकेशनची ओळ तिथे सलग आणि बिनचूक आली तर ठीक. नाव एकीकडे आणि तारीख चार ओळी खाली गेली असेल, तर टेम्प्लेट बदला. लघुरूप आणि पूर्ण नाव दोन्ही एकदा तरी येऊ द्या: 'सीकेए' आणि 'सर्टिफाइड कुबरनेटीस ॲडमिनिस्ट्रेटर'.

नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवरही हीच नावं, याच तारखा असू द्या. रेझ्युमेत मार्च आणि लिंक्डइनवर जून दिसला, की विनाकारण शंका येते.

नाव, आडनाव आणि मधलं नाव

ही अडचण आपल्याकडे फार. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर वेगळी मांडणी आणि बॅजवर नुसतं नाव-आडनाव. परीक्षेची नोंदणी करतानाच केंद्रावर दाखवायच्या ओळखपत्राप्रमाणे नाव द्या, नाहीतर आतच सोडत नाहीत. रेझ्युमेवर आणि बॅजवर नाव-आडनाव एकसारखं ठेवा.

लग्नानंतर आडनाव बदललं असेल आणि सर्टिफिकेशन आधीच्या नावावर असेल, तर संबंधित संस्थेकडे कागदपत्रं देऊन नाव दुरुस्त करून घ्या. ते होईपर्यंत व्हेरिफिकेशनच्या फॉर्ममध्ये आधीचं नाव न विसरता भरा आणि विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद हाताशी ठेवा. नावातल्या तफावतीमुळे खरं सर्टिफिकेशनही आठ-पंधरा दिवस अडकून पडतं आणि रुजू होण्याची तारीख पुढे जाते.

पाठवण्याआधी

रेझ्युमे पाठवण्याच्या आदल्या दिवशी अर्धा तास काढा आणि एवढं करा:

१. प्रत्येक लिंक लॉगिन न करता उघडा.
२. नाव संस्थेच्या संकेतस्थळाशी अक्षरशः जुळवा.
३. पुढच्या तीन महिन्यांत कशाची मुदत संपतेय का ते पाहा आणि नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. नोटीस पिरियड दोन-तीन महिन्यांचा असला, तर रुजू होताना सर्टिफिकेशन संपलेलं असू शकतं.
४. प्रत्येक ओळीला काम किंवा प्रकल्प सापडतो का ते बघा.
५. त्या क्षेत्रात काम करणाऱ्या मित्राला सांगा: यातल्या कुठल्याही ओळीवर दोन प्रश्न विचार.

पाचव्या पायरीनंतर यादी बहुधा लहान होते, आठाच्या तीन ओळी उरतात. तीन उरल्या म्हणून जागा रिकामी दिसेल अशी धास्ती बाळगू नका. ती जागा प्रकल्पाच्या वर्णनाला द्या. आणि गाळलेल्यांपैकी ज्या विषयात खरंच काम करायचं आहे, त्याचा अभ्यास या आठवड्यापासून हातात घ्या.